आई नाशिकला, काम पेंटॅगॉनचं

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या, व्हर्जिनिया किंवा मेरिलँडमध्ये स्थिरावलेल्या एखाद्या मराठी इंजिनिअरला संरक्षण खात्याच्या कंत्राटावर नोकरी मिळते, तेव्हा कामाला हात लावण्याआधी त्याच्यासमोर एक फॉर्म येतो. स्टँडर्ड फॉर्म ८६ हे त्याचं नाव. छापून काढला तर सव्वाशेहून अधिक पानं होतात. राहण्याचे पत्ते, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. अठराव्या विभागात नातेवाईक येतात आणि वेग मंदावतो. आई, वडील, सख्खी आणि सावत्र भावंडं, मुलं, सासू, सासरे या सगळ्यांची नोंद करायची, हयात नसलेल्यांचीसुद्धा. प्रत्येकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, नागरिकत्व, पत्ता. नातेवाईक परदेशी नागरिक असेल तर शेवटचं बोलणं कधी झालं, फोनवर की समोरासमोर, किती वेळा बोलणं होतं, तो काय काम करतो, आणि कुठल्या परदेशी सरकारशी, सैन्याशी, संरक्षण उद्योगाशी किंवा गुप्तचर यंत्रणेशी त्याचा संबंध आहे का, हेही सांगायचं.

मराठी घरातल्या माणसाला हे रकाने भरताना बराच विचार करावा लागतो. आईची कागदावरची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली होती. त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनलाच येतो. लग्नात आडनावाबरोबर तिचं पहिलं नावही बदललेलं असतं. गावाकडचा पत्ता 'मु. पो.'ने सुरू होतो आणि त्यात घर क्रमांक नसतो. वडील ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समधून किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले असतील, तर संरक्षण उद्योगाशी संबंध असल्याचं सरळ लिहून टाकावं लागतं. त्यांनी तिथे आयुष्यभर स्टोअर्सचा हिशोब ठेवला असला तरी.

या सगळ्या खटाटोपामागे जी परवानगी असते तिला सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणतात. सरकारी गुपितं पाहण्यासाठी माणूस पात्र आहे, असा तो निर्वाळा. कॉन्फिडेन्शियल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट अशा त्याच्या तीन पायऱ्या आहेत. अमेरिकेत चाळीस लाखांहून अधिक लोकांकडे अशी पात्रता आहे. त्यांत सैनिक आणि मुत्सद्दी आहेतच, पण खाजगी कंपन्यांत काम करणारे प्रोग्रॅमर, हिशोबनीस, दुभाषे आणि तंत्रज्ञही आहेत. वॉशिंग्टनच्या आसपासच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत क्लिअरन्सची अट सर्रास दिसते. ही अट आली की ग्रीन कार्ड पुरत नाही, नागरिकत्वच लागतं. आणि नागरिकत्व मिळालं तरी मागे राहिलेलं कुटुंब हिशोबातून वगळलं जात नाही.

पात्रता ठरवण्याचे निकष एका निर्देशात दिले आहेत. ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या या निर्देशात एकूण तेरा निकष आहेत. दारू, अमली पदार्थ, कर्जबाजारीपणा, गुन्हेगारी, संगणकाचा गैरवापर अशा गोष्टी त्यांत येतात. पहिला निकष देशनिष्ठेचा आणि दुसरा परकीय प्रभावाचा. हे दोन वेगळे ठेवले आहेत, ही बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. दुसऱ्या निकषाखाली नाव आलेल्या माणसावर कोणी गद्दारीचा आरोप करत नसतं. तुमच्या प्रेमाच्या माणसाला हाताशी धरून किंवा धाक दाखवून तुमच्यावर दबाव आणता येईल का, एवढंच तिथे पाहिलं जातं. फक्त नातं असणं पुरेसं नसतं; त्या नात्यामुळे जोखीम वाढते आहे, असं दिसावं लागतं.

ही भीती हवेतली नाही. १९३९ साली विल्यम सीबोल्ड नावाचा जर्मनीत जन्मलेला अमेरिकन नागरिक आपल्या आईला भेटायला मुलहाइम या गावी गेला. त्याने अमेरिकेत विमान कारखान्यांत काम केलं होतं, आणि ही गोष्ट नाझी यंत्रणेपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. सप्टेंबर महिन्यात गॅसनर नावाचा एक गृहस्थ त्याला भेटायला आला. अमेरिकन लष्करी विमानांबद्दल त्याने खोदून खोदून विचारलं आणि हेर म्हणून अमेरिकेत परत जायची गळ घातली. पुढे जर्मन लष्करी गुप्तचर खात्याचा अधिकारी निकोलाउस रिटर टोपणनावाने येऊ लागला. सीबोल्डची आई आणि भावंडं जर्मनीतच होती. नकार दिला तर त्यांचं काय होईल, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने होकार दिला.

याच सुमारास त्याचा पासपोर्ट चोरीला गेला. नवा पासपोर्ट काढायच्या निमित्ताने तो कोलोनच्या अमेरिकन वकिलातीत गेला आणि तिथल्या अधिकाऱ्यांना त्याने गुपचूप सगळी हकिगत सांगितली. एफबीआयला मदत करायची तयारीही दाखवली. मग हॅम्बुर्गमध्ये सांकेतिक संदेश आणि सूक्ष्म छायाचित्रं यांचं जर्मनांकडूनच प्रशिक्षण घेऊन, फेब्रुवारी १९४० मध्ये, हॅरी सॉयर या बनावट नावाने तो न्यूयॉर्कला उतरला. एफबीआयने त्याला मॅनहॅटनमध्ये एक कचेरी थाटून दिली. तिथे लपवलेले कॅमेरे होते. जर्मन हेर येत, बोलत, पैसे घेत आणि त्यांचं चित्रण होत राही. लाँग आयलंडवरच्या रेडिओ केंद्रावरून एफबीआयची माणसं सीबोल्डच्या नावाने जर्मनीला संदेश पाठवत. पुढच्या वर्षी तेहतीस जण पकडले गेले आणि सगळे दोषी ठरले. अमेरिकेच्या इतिहासातलं हेरगिरीचं ते सर्वांत मोठं प्रकरण मानलं जातं.

परकीय प्रभावाच्या निकषामागचा सगळा पेच या एका माणसात सापडतो. आई शत्रूच्या देशात असल्यामुळेच त्याच्यावर दबाव आला, हे खरं. आणि आई तिथे असतानाही तो सरळ वकिलातीत गेला, हेही तितकंच खरं. कागदावरच्या नात्यावरून पहिली गोष्ट सांगता येते. दुसरी सांगायला त्या माणसाला ओळखावं लागतं.

ओळख करून न घेता निवाडा केला तर काय होतं, याचं उदाहरण १९५३ सालचं आहे. मायलो राडुलोविच हा हवाई दलाच्या राखीव तुकडीतला तरुण लेफ्टनंट मिशिगन विद्यापीठात शिकत होता. त्याच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल हवाई दलाला काही शंका नव्हती. आक्षेप होता वडिलांवर आणि बहिणीवर. वडील सर्बियातून आलेले, आयुष्यभर कष्ट केलेले कामगार. ते सर्बियन भाषेतली काही वर्तमानपत्रं घेत, आणि त्यांतलं एक सरकारच्या मते कम्युनिस्टांच्या कह्यातलं होतं. म्हाताऱ्याचं म्हणणं असं, की त्या पेपराबरोबर मिळणारी नाताळची दिनदर्शिका आपल्याला आवडते. परक्या मुलखात राहून आपले सणवार धरून ठेवणाऱ्या माणसाला दिनदर्शिकेचं मोल काय असतं, हे दरवर्षी भारतातून कालनिर्णय मागवणाऱ्या न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला वेगळं सांगायला नको.

राडुलोविचला सुचवण्यात आलं, की बाप आणि बहीण यांच्याशी संबंध तोड, म्हणजे हुद्दा राहील. त्याने नकार दिला. सुनावणी झाली, पण पुरावा म्हणून दाखवलेलं बंद पाकीट त्याच्यासमोर उघडलंच गेलं नाही. सीबीएस वाहिनीच्या एडवर्ड मरोने २० ऑक्टोबर १९५३ रोजी 'सी इट नाऊ' या कार्यक्रमात हे प्रकरण देशापुढे मांडलं. वाहिनीने जाहिरातीला पैसे दिले नाहीत, तेव्हा मरो आणि त्याचा सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनी पदरमोड करून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पाच आठवड्यांतच हवाई दलाच्या सचिवांनी राडुलोविचला कायम ठेवत असल्याचं जाहीर केलं. सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात माणसं शेजाऱ्याचं नाव घेणंही टाळत. अशा दिवसांत एका मुलाने बापाला नाकारलं नाही आणि एका पत्रकाराने त्याची बाजू घेतली, हे आजही वाचताना ऊर भरून येतो.

पण सगळ्यांच्याच मदतीला टेलिव्हिजन येत नाही. त्याच वर्षी विल्यम ग्रीन या विमान अभियंत्याची परवानगी काढून घेण्यात आली. घटस्फोटित पत्नीची कम्युनिस्टांशी जवळीक आणि रशियन वकिलातीतल्या लोकांशी ग्रीनच्या झालेल्या भेटी, ही कारणं होती. तो एका कंपनीत उपाध्यक्ष होता. परवानगी गेली तशी नोकरीही गेली. त्याच्याविरुद्ध कोणी काय सांगितलं, हे त्याला कधी कळलं नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: साक्षीदारांची उलटतपासणी करू न देता माणसाचा रोजगार हिरावून घ्यायचा अधिकार कोणीही या यंत्रणेला स्पष्टपणे दिलेला नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६० मध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आदेश काढला आणि खाजगी कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना लेखी कारणं, उत्तराची संधी आणि सुनावणी मिळू लागली. आज संरक्षण खात्याच्या कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला जी सुनावणी मिळते, तिचं मूळ या आदेशात आहे.

ती सुनावणी कशी चालते? तपासणी केल्यावर अधिकाऱ्यांना शंका उरली, तर अर्जदाराला कारणांचं पत्र येतं. त्यात एकेक मुद्दा क्रमांक घालून लिहिलेला असतो: तुमची आई भारताची नागरिक आणि रहिवासी आहे, तुमचे सासरे भारताचे नागरिक आणि रहिवासी आहेत, तुमच्या नावावर भारतात सदनिका आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहून वीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मग अर्जदाराला हवं असेल तर न्यायाधीशासमोर प्रकरण उभं राहतं. एका बाजूला खात्याचा वकील, दुसऱ्या बाजूला अर्जदार, एकटा किंवा स्वतःचा वकील घेऊन. आपल्या आईशी आठवड्यातून किती वेळा बोलणं होतं, तिला महिन्याला किती पैसे पाठवतो, तिला आपल्या कामाबद्दल काय माहीत आहे, याची उत्तरं शपथेवर द्यावी लागतात. शंका दूर करायची जबाबदारी अर्जदाराची असते, आणि तरीही काही शंका उरली तर तिचा फायदा सरकारला मिळतो. परवानगी हा कोणाचाही हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठामपणे सांगून ठेवलं आहे. फौजदारी खटल्याच्या अगदी उलटा हा न्याय. तो पचायला जड जातो, पण गुपितं सांभाळणाऱ्या खात्याने धोका पत्करायचा कसा, हा प्रश्नही खोटा नाही.

या सुनावण्यांचे निकाल नावं वगळून प्रसिद्ध केले जातात. भारतात नातेवाईक असलेल्यांची प्रकरणं वाचली तर एक ठसा उमटतो. माणूस शिकायला म्हणून आलेला असतो, नोकरी धरतो, घर घेतो, मुलं तिथेच जन्मतात, वीसेक वर्षं निघून जातात. आईवडील मात्र भारतात. न्यायाधीश आधी देश पाहतो. भारत लोकशाही देश आहे, अमेरिकेचा संरक्षण क्षेत्रातला सहकारी आहे, या गोष्टी अर्जदाराच्या बाजूने पडतात. दहशतवादी हल्ले आणि अमेरिकन तंत्रज्ञान नियम डावलून भारतात पाठवल्याची जुनी प्रकरणं दुसऱ्या पारड्यात जातात. त्यानंतर माणूस पाहिला जातो: अमेरिकेतली त्याची मुळं किती खोल आहेत? घर, बचत, मुलांच्या शाळा, सहकाऱ्यांची पत्रं, स्वयंसेवी काम हे सगळं इथे पुरावा म्हणून येतं. तिथल्या नात्यापेक्षा इथली बांधिलकी इतकी जुनी आणि घट्ट आहे, की वेळ आली तर हा माणूस अमेरिकेच्या हिताचाच निर्णय घेईल, असं न्यायाधीशाला पटलं तर परवानगी मिळते. भारताशी नाती असलेल्या अनेकांना ती मिळालेली आहे.

चीन, रशिया, इराणसारख्या देशांत नातेवाईक असतील तर गणित फार कठीण होतं. तिथली सरकारं स्वतःच्या नागरिकांना वेठीला धरू शकतात, आणि हेरगिरीसाठी ती तसं करतातही. त्यामुळे तिथे आईवडील असलेल्या अर्जदारावर पुराव्याचा फार मोठा भार असतो. त्यालाही एक अपवाद या निकालांतूनच घडला आहे, आणि तो मन भरून टाकणारा आहे. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत अमेरिकन तुकड्यांबरोबर गोळीबारात उभे राहिलेले दुभाषे बहुतेक त्याच देशांतून आलेले, त्यांची भावंडं तिथेच राहिलेली. नियम शब्दशः लावला असता तर त्यांना परवानगी मिळाली नसती. या निकालांविरुद्धची अपिलं ऐकणाऱ्या मंडळाने मात्र मानलं, की जिवावर उदार होऊन ज्याने आपली बांधिलकी आधीच दाखवून दिली आहे, त्याच्या पुढच्या वागण्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

इस्टेटीचा मुद्दा मराठी माणसाला विशेष जाचतो. परदेशात तुमची मालमत्ता आहे का, एवढं विचारून फॉर्म थांबत नाही. पुढे कधी मिळणार आहे का, हेही विचारतो. पुण्यातला फ्लॅट सांगणं सोपं आहे. पण साताऱ्याकडच्या सामायिक जमिनीचं काय? सातबारावर अजून आजोबांचं नाव, वारस नोंद रखडलेली, पाच चुलत्यांचे हिस्से पडलेले नाहीत, आणि आपल्या वाट्याला किती गुंठे येणार हे गावच्या तलाठ्यालाही छातीठोक सांगता येत नाही. भारतीय नियमांप्रमाणे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया म्हणजे ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. म्हणजे अपेक्षा आहे, तेव्हा नोंदही हवी. अशा जमिनीमुळे सहसा परवानगी अडत नाही, कारण अमेरिकेतल्या घराच्या आणि बचतीच्या तुलनेत तिची किंमत किती, हे पाहिलं जातं. आईवडिलांना पाठवलेले पैसेही याच भागात येतात. मुलाने आईला दरमहा औषधपाण्यासाठी पैसे पाठवणं ही आपल्याकडे साधी रीत. तिथे ती परदेशी नागरिकाला दिलेली आर्थिक मदत म्हणून लिहायची असते.

आणि लिहायचीच असते. या विषयात वर्षानुवर्षं काम करणारे वकील अर्जदारांना एकच गोष्ट कानीकपाळी सांगतात: लपवू नका. नात्याची जोखीम समजावून सांगता येते. लपवलेल्या नात्याचं स्पष्टीकरण देता देता नाकी नऊ येतात. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघराज्याचा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथवर गेलं नाही तरी सचोटीचा वेगळा निकष लागू होतो, आणि आईच्या नागरिकत्वामुळे जी परवानगी गेली नसती ती अप्रामाणिकपणामुळे जाते. सासुरवाडीची माणसं 'माझी थोडीच आहेत' म्हणून गाळणं ही चूकही महागात पडते. पत्नीच्या किंवा पतीच्या आईवडिलांशी माणसाचा जिव्हाळा असतो, असं गृहीत धरूनच निकाल दिले जातात.

लपवलेलं नातं कुठवर नेतं, ते मरियम थॉम्पसन प्रकरणात दिसलं. लेबनॉनमध्ये जन्मलेली ही अमेरिकन नागरिक संरक्षण खात्यासाठी दुभाषी म्हणून इराकमधल्या एर्बिल इथे काम करत होती आणि तिच्याकडे टॉप सीक्रेट परवानगी होती. एका लेबनीज माणसाशी तिचं प्रेमाचं नातं जुळलं, बहुतांश व्हिडिओ कॉलवर. त्याचे हिजबुल्लाशी लागेबांधे होते. जानेवारी २०२० मध्ये इराणी सेनापती कासिम सुलेमानी मारला गेला, तेव्हा अमेरिकेला कोणी माहिती पुरवली ते काढून दे, असं त्याने मागितलं. तिने खबऱ्यांची नावं आणि माहिती त्याला दिली. २०२१ मध्ये तिला तेवीस वर्षांची शिक्षा झाली. ज्या खबऱ्यांचे प्राण तिच्यामुळे टांगणीला लागले, त्यांचा विचार केला की फॉर्मवरच्या प्रश्नांना निरर्थक म्हणायची हिंमत होत नाही.

तरीही नात्यांवरच नजर खिळवून ठेवली तर खरा चोर निसटतो. जॉन वॉकर या नौदलाच्या माणसाने १९६७ पासून १९८५ पर्यंत सोव्हिएत संघाला सांकेतिक लिपीच्या किल्ल्या विकल्या. एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन १९७९ ते २००१ या काळात अधूनमधून मॉस्कोला गुपितं पोहोचवत राहिला. दोघे अमेरिकेतच जन्मलेले आणि परदेशातल्या कुठल्याही आईवडिलांची काळजी त्यांना नव्हती. दोघांनी पैसे घेतले. हॅन्सन शिकागोचा, एका पोलिसाचा मुलगा. नातेवाइकांच्या रकान्यांत त्याच्यावर बोट ठेवण्यासारखं काहीच सापडलं नसतं.

उलट ज्यांच्यावर वंशामुळे बोट ठेवलं गेलं, त्यांच्या बाबतीत देशाने स्वतःचं नुकसान करून घेतलं. छियान श्वेसन हा चिनी तरुण १९३५ मध्ये शिकायला अमेरिकेत आला आणि जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या संस्थापकांपैकी एक झाला. जून १९५० मध्ये कम्युनिस्ट संबंधांच्या संशयावरून त्याची परवानगी काढून घेण्यात आली. म्हाताऱ्या वडिलांना भेटायला चीनला जायची त्याने तयारी केली, तर त्यालाच अडकवून ठेवलं. पाच वर्षं पाळतीखाली काढल्यावर १९५५ मध्ये तो कुटुंबासह चीनला गेला आणि तिथल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचा जनक ठरला. अमेरिकेने आपल्या हाताने चीनला दिलेली ही भेट होती. अर्ध्या शतकानंतर लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या वेन हो ली या तैवानमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञावर ५९ आरोप ठेवले गेले. नऊ महिने त्याला एकांतकोठडीत ठेवलं. शेवटी एकच आरोप उरला, आणि सप्टेंबर २००० मध्ये त्याला सोडताना न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर न्यायालयात त्याची माफी मागितली.

नियम त्यातून हळूहळू सैलावले आहेत. सर्वांत गुप्त माहितीसाठी माणसाच्या जवळच्या कुटुंबातले सगळे अमेरिकन नागरिकच हवेत, अशी अट गुप्तचर खात्यांत होती. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अरबी, पश्तो, उर्दू जाणणारी माणसं हवी झाली. पण या भाषा ज्यांच्या घरात बोलल्या जातात त्यांची जवळची माणसं काबूल-बगदादमध्येच असणार. २००८ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली. परराष्ट्र खात्यात वेगळीच रीत होती: परवानगी द्यायची, पण पूर्वजांच्या देशाशी संबंधित काम द्यायचं नाही. अँडी किम हा बॉस्टनमध्ये जन्मलेला, कोरियन आईवडिलांचा मुलगा तिथे काम करत होता. टॉप सीक्रेट परवानगी हातात असताना त्याला पत्र आलं, की कोरियाविषयक कामाला तुला मनाई आहे. तसं काम त्याने मागितलंही नव्हतं. पुढे काँग्रेसचा सदस्य होऊन त्याने हा विषय लावून धरला आणि मार्च २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांनी ही पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज किम सिनेटर आहे.

सैन्यात मात्र जखम ताजी आहे. खास भाषा किंवा वैद्यकीय कौशल्य असलेल्या परदेशी तरुणांना भरती करून नागरिकत्व देण्याची एक योजना २००८ पासून चालू होती. भारतातून शिकायला गेलेले बरेच जण त्यात शिरले. २०१६ मध्ये पडताळणी अचानक कडक झाली. करारावर सह्या केलेले हजारो जण वर्षानुवर्षं ताटकळले आणि २०१८ मध्ये अनेकांना काढून टाकल्याच्या बातम्या आल्या. कारणांत कुठे परदेशात राहणारे आईवडील, कुठे त्यांच्याशी होणारं बोलणं. परदेशी आहेत म्हणूनच ज्यांना घेतलं, त्यांचे आईवडील परदेशात असल्याचा ठपका ठेवणं हा उघड अन्याय होता. यांतल्या अनेकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

परवानगी मिळाल्यावरही हे प्रकरण मिटत नाही. परदेशी व्यक्तीशी लग्न ठरलं तर कळवायचं, परदेशी नागरिक घरात राहायला आला तर कळवायचं, दिवाळीला भारतात जायचं असेल तर तिकीट काढून निघण्याआधी कळवायचं. गावी कोणी कामाबद्दल जरा जास्तच रस घेऊन विचारलं, तर परतल्यावर तेही सांगायचं. पूर्वी ठरावीक वर्षांनी फेरतपासणी होत असे. आता संगणकीय नोंदींतून सतत लक्ष ठेवलं जातं. नकार मिळालेल्याला एक वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येतो, आणि मधल्या काळात परिस्थिती बदलली असेल, भाऊ अमेरिकेत आला असेल, जमीन विकली असेल, तर निकालही बदलू शकतो.

भारतातही असे नियम आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने परदेशी व्यक्तीशी लग्न केलं तर ते सरकारला ताबडतोब कळवणं आचारसंहितेने बंधनकारक आहे, आणि परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याला तर आधी लेखी परवानगी लागते. मे २०२५ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाने एका जवानाला बडतर्फ केलं. पाकिस्तानी स्त्रीशी झालेलं लग्न लपवलं आणि व्हिसाची मुदत संपल्यावरही तिला आसरा दिला, असं दलाचं म्हणणं. आपण वरिष्ठांना कळवून, परवानगी घेऊनच लग्न केलं, असं जवानाचं म्हणणं. दोघांपैकी कोणाचं खरं, हे कागद समोर ठेवून, दोन्ही बाजू ऐकूनच ठरू शकतं. पण राष्ट्राच्या सुरक्षेचं कारण दिलं तर चौकशीशिवाय बडतर्फ करण्याची मुभा राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात आहे. लेखी कारणं, उत्तराला मुदत, उलटतपासणी आणि नावं वगळून प्रसिद्ध होणारा निकाल, एवढी व्यवस्था तरी भारतातल्या जवानाला, शास्त्रज्ञाला आणि मुत्सद्द्याला मिळायला हवी. अमेरिकेत ग्रीनला त्यासाठी सहा वर्षं लढावं लागलं होतं.